इंग्रजी दस्तऐवजांतील लहान शब्द

एका जिल्ह्याच्या गांवीं दोघां भागीदारांनीं आडतीचें दुकान काढलें. दोघेही धंद्यांत मुरलेले. तोंडी हिशेबांत त्यांना कोणी फसवील अशी कोणाची प्राज्ञा नव्हती. भागीदारीचा करार मात्र त्यांनीं इंग्रजींत करून घेतला. कारण कागद इंग्रजींत असला म्हणजे बँकेंत त्याचें वजन पडतें, अशी त्यांची समजूत. त्या करारांत एक कलम असें होतें कीं, एखाद्या भागीदारास आपलें भांडवल काढून घ्यावयाचें झाल्यास त्यानें दुसरा भागीदार 'अँड हिज सन' ह्यांची संमति घ्यावी. बारा वर्षें ह्या कलमाकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. तेराव्या वर्षीं एकाला मुलीच्या लग्नासाठीं पैसा हवा झाला. त्यानें भागीदाराची संमति घेतली, घरांत आपल्या कर्त्या मुलास विचारलें, आणि रक्कम उचलली. दुसऱ्या भागीदाराचा मुलगा कोर्टांत गेला. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, 'हिज सन' म्हणजे मी. मला कोणीं विचारलें?

आम्ही त्या दाव्यांत एका पक्षाचे वकील होतों, म्हणून गांवाचें व माणसांचें नांव सांगत नाहीं. एका पक्षानें 'हिज' हें सर्वनाम पैसे काढणाराकडे लाविलें, दुसऱ्यानें संमति देणाराकडे. इंग्रजी व्याकरण दोघांनाही अनुकूल होतें. कोर्टानें आपल्या परीनें अर्थ लाविला खरा; परंतु तोंपर्यंत दुकानाचें गिऱ्हाईक पांगलें होतें आणि दोन घरांचें एकमेकांकडे जाणें-येणें बंद झालें होतें. तीन अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दानें हें केलें. तेव्हांपासून आमच्याकडे कोणी इंग्रजी मसुदा घेऊन आला म्हणजे आम्ही आंकडे मागाहून पाहतों. 'हिज', 'देअर', 'अँड' आणि 'ऑर' हे शब्द आधीं तांबड्या शाईनें खुणावतों.

हाच करार मराठींत लिहिला असता तर काय झालें असतें? लिहिणाऱ्यास 'आपल्या मुलाची' किंवा 'त्या दुसऱ्या भागीदाराच्या मुलाची' ह्यांपैकीं कांहीं तरी एक लिहावें लागलें असतें. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची सोय तेथें नाहीं. 'रामानें गोविंदाला आपली बैलजोडी विकली' असें म्हटलें कीं जोडी रामाची. 'त्याची बैलजोडी विकली' म्हटलें कीं ती बहुधा रामाची नव्हे, गोविंदाची किंवा तिसऱ्याच कोणाची. मराठींतील 'आपला' हा शब्द वाक्याच्या कर्त्याशीं बांधलेला आहे. इंग्रजींत ह्या तिन्ही बैलजोड्या एकाच 'हिज'च्या दावणीला बांधल्या जातात. इंग्रज मनुष्याला त्यांतून वाट काढतां येत नाहीं असें नाहीं. तो 'हिज ओन' म्हणतो किंवा नाम पुन्हा उच्चारतो. पण तशी सक्ति त्याच्यावर त्याची भाषा करीत नाहीं, आणि जेथें सक्ति नाहीं तेथें घाईनें मसुदा करणारा कारकून तें करीत नाहीं. (मराठीचा 'आपला' सर्वस्वी निर्दोष आहे असा आमचा दावा नाहीं. समोरच्या प्रतिष्ठित माणसालाही आपण 'आपलें पत्र पावलें' असें लिहितों. तेव्हां 'आपलें' म्हणजे लिहिणाऱ्याचें कीं वाचणाऱ्याचें, हें संदर्भावरूनच ओळखावें लागतें.)

आमचीं मुलें मराठींतून इंग्रजींत जातांना कोठें ठेंचाळतात हेंही ह्यावरून कळण्यासारखें आहे. मराठींत वडील मंडळींना आपण आदरानें अनेकवचन लावतों. 'वडिलांनीं त्यांचें दुकान विकलें' हें शुद्ध व सभ्य वाक्य. मुलगा तें इंग्रजींत उतरवितो: 'माय फादर सोल्ड देअर शॉप'. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें निराळेंच चित्र उभें राहतें: बापानें दुसऱ्याच कोणाचें दुकान विकून टाकलें! शाळेच्या वहींत ह्या चुकीची शिक्षा अर्धा गुण; खरेदीखताच्या मसुद्यांत हीच चूक राहिली तर मालकी कोणाची हाच प्रश्न उपस्थित होईल. शिक्षक 'देअर' खोडून 'हिज' लिहितो आणि पुढें जातो. परंतु मुलानें आदर दाखविण्याकरितां अनेकवचन वापरलें आणि इंग्रजींत तृतीय पुरुषाला असा आदर दाखविण्याची सोयच नाहीं, हें एक वाक्य त्यानें सांगितलें असतें तर तो मुलगा ती चूक पुन्हा जन्मांत न करता.

येथें आमच्या शाळांविषयीं आमची खरी तक्रार आहे. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत सर्वनामाचा धडा एकीकडे, षष्ठीचा दुसरीकडे आणि उभयान्वयी अव्ययाचा शेवटच्या पानांत. मुलगा तिन्ही व्याख्या घोकतो. परंतु बोलण्यांत व लिहिण्यांत हे तिघे एकाच जोखडाला जुंपलेले असतात, आणि गाडा उलटतो तो त्यांच्या जोडणींत.

उदाहरणार्थ, राम व गोविंद ह्या दोघांचें मिळून एक दुकान आहे. इंग्रज म्हणेल, 'राम अँड गोविंद्ज शॉप'. षष्ठीचा 'स्' शेवटच्या नामाला एकदांच लागला. त्यानें दोघांनाही कवेंत घेतलें. आतां दोघांचीं दोन निरनिराळीं दुकानें असतील तर 'राम्ज अँड गोविंद्ज शॉप्स' असें प्रत्येकाला स्वतंत्र षष्ठी लावून म्हणावें लागेल. ह्या एका 'स्'वर दुकान सामाईक कीं वेगळें हें ठरतें. मराठींत हेंच काम फार सुरेख रीतीनें होतें. 'राम व गोविंद यांचें दुकान' असें आपण म्हणतों. दोन नांवें उभयान्वयीनें जोडलीं, मग एका सर्वनामानें दोहोंची मोट बांधली, आणि त्या मोटेला षष्ठी लाविली. तिघांचीही कामगिरी डोळ्यांनीं दिसते. 'रामाचें व गोविंदाचें' म्हटलें कीं मोट सुटली, ज्याचें त्याचें वेगळें झालें. आमच्या जुन्या खतपत्रांत, मोडींत ओळीच्या ओळी शब्द न तोडतां लिहिलेल्या असत, विरामचिन्हाचें नांव नसे. तरी वाटणीच्या कागदांत सामाईक काय व खासगी काय ह्याचा घोटाळा होऊं न देण्याचें बरेंचसें काम हें 'यांचें' करी.

आतां ह्या जोडींत 'मी' शिरला कीं इंग्रजीची पंचाईत पाहा. गोविंद व मी, आमचें दुकान. 'गोविंद अँड माय शॉप' म्हणावें तर त्याचा अर्थ 'गोविंद, आणि माझें दुकान' असाही होतो. 'गोविंद अँड आय्ज शॉप' असें आजकाल बोलण्यांत पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतें, पण लिहिण्यांत तें कोणी शुद्ध मानीत नाहीं. उरलें 'गोविंद्ज अँड माय शॉप'. हें शुद्ध खरें. पण येथें दोघांनाही वेगवेगळी षष्ठी लागल्यामुळें सामाईक आणि वेगळें हा भेदच नाहींसा झाला. म्हणजे नामांच्या बाबतींत इंग्रजीनें जो भेद इतक्या काटेकोरपणें राखला, तो सर्वनाम येतांच तिच्या हातून निसटतो. ह्यावर उपाय इंग्रजी वकिलांनाही एकच ठाऊक आहे: षष्ठीचा नाद सोडून 'गोविंद अँड मी' ह्यांच्या सामाईक मालकीचें दुकान, असें उघड शब्दांत लिहावयाचें. आमच्या व्यापाऱ्यांनींही तोच धरावा. आणि तेथें 'आय' न लिहितां 'मी' लिहावें. शब्दयोगी अव्ययानंतर कर्त्याचें रूप चालत नाहीं. 'अँड' मध्यें आला म्हणून विभक्ति बदलत नाहीं, ही गोष्ट विलायतेंतील सुशिक्षितही विसरतात, मग आमच्या मुलांना दोष कशाला?

'इट्स'च्या दोन लेखनांविषयीं दुकानांच्या पाट्यांवर जो गोंधळ दिसतो त्याबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. वरचा स्वल्पविराम दिला तर 'इट इज', न दिला तर 'त्याचें'. नामाच्या षष्ठीला तें चिन्ह लागतें आणि सर्वनामाच्या षष्ठीला लागत नाहीं, हा इंग्रजीचा लहरीपणा होय. त्यांत शोधण्यासारखें तत्त्व थोडें. मौज इतकीच कीं, हें 'इट्स' सर्वनाम वयानें फार लहान आहे. सन १६११ सालीं राजा जेम्स ह्याच्या आज्ञेनें बायबलाचें जें प्रसिद्ध भाषांतर छापलें गेलें, त्याच्या मूळ आवृत्तींत हा शब्द नाहीं. निर्जीव वस्तूलाही तेथें 'हिज' लाविलें आहे. त्याच सुमारास कित्येक इंग्रज विद्वानांची अशी समजूत होती कीं, नामाच्या षष्ठींतला 'स्' हा 'हिज'चाच अपभ्रंश आहे; म्हणून ते 'द किंग हिज हाऊस' असें लिहीत. पुढें ती समजूत चुकीची ठरली. तो 'स्' जुन्या इंग्रजींतील प्रत्ययाचा अवशेष निघाला. तात्पर्य, ज्या भाषेपुढें आमचे लोक हात जोडून उभे राहतात, ती भाषाही चुकत, अडखळत, आपल्याच व्याकरणाविषयीं भलत्या कल्पना करीत वाढलेली आहे. तिला भिण्याचें कारण नाहीं. तिला ओळखण्याचें मात्र आहे.

आतां 'अँड' आणि 'ऑर' ह्यांकडे वळूं. येथें पैशाचा संबंध अगदीं सरळ येतो.

इंग्लंडांत केलेब डिप्लॉक नांवाच्या एका धनिक गृहस्थानें १९१९ सालीं मृत्युपत्र केलें आणि १९३६ सालीं तो वारला. आपली उरलेली सर्व मिळकत 'चॅरिटेबल ऑर बेनेव्होलंट' कामांकडे लावावी, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. व्यवस्थापकांनीं दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम शंभरावर संस्थांना वांटून टाकली. त्यांत रुग्णालयें होतीं. मग दूरचे वारस जागे झाले. प्रकरण सरदारांच्या सभेपर्यंत गेलें आणि १९४४ सालीं तिनें निकाल दिला कीं, हें दान रद्द. कारण काय, तर कायद्याच्या दृष्टीनें जें 'चॅरिटेबल' तें निश्चित असतें, परंतु जें नुसतें 'बेनेव्होलंट' म्हणजे परोपकाराचें, तें सर्वच कांहीं कायद्याच्या व्याख्येंत बसत नाहीं. मधल्या 'ऑर'मुळें व्यवस्थापकांस त्या अनिश्चित प्रदेशांतही पैसा खर्च करण्याची मुभा मिळाली, म्हणून सगळेंच दान अनिश्चित ठरलें. त्या जागीं 'अँड' असता तर? 'चॅरिटेबल अँड बेनेव्होलंट' हे शब्द १९०४ सालच्या एका निवाड्यांत इंग्रजी न्यायाधीशानें वैध ठरविले होते. दोन लाख पौंडांचें दान एका उभयान्वयी अव्ययावर बुडालें, आणि ज्या संस्थांनीं पैसा खर्च केला होता त्यांच्यामागें वसुलीचे दावे लागले.

हें तिकडचें झालें म्हणून आमच्या धनिकांनीं निश्चिंत बसूं नये. मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणांत १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें असें ठरविलें कीं, मृत्युपत्रांत नुसतें 'धरम' ह्या नांवानें केलेलें दान अनिश्चिततेमुळें रद्द होय. ज्या शब्दाखालीं आमच्या बाजारपेठांनीं धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या, पांजरपोळ चालविले, तो शब्द विलायतेंतील न्यायाधीशांच्या कानाला अर्थशून्य वाटला. ह्या निकालाबद्दल आमचें मत अनुकूल नाहीं. पण मृत्युपत्र लिहिणाऱ्यानें आमच्या मतावर विसंबूं नये. दान कोणत्या संस्थेस किंवा कोणत्या कामास, हें नांवानिशीं लिहावें, आणि दोन कामें असल्यास मध्यें 'व' हवा कीं 'किंवा' हवा ह्याचा दोनदां विचार करावा.

मृत्युपत्र जन्मांत एकदां होतें. पण धनादेश रोजचा. छापील धनादेशावर ज्याला पैसे द्यावयाचे त्याच्या नांवाच्या ओळीच्या शेवटीं 'ऑर बेअरर' असें असतें. त्या 'ऑर'चा अर्थ असा कीं, ह्या गृहस्थाला द्या, अथवा जो कोणी हा कागद घेऊन येईल त्याला द्या. हे दोन शब्द खोडले कीं कागदाची जात बदलते. बँकेंतील सामाईक खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेलें असतें. किती नवराबायकोंनीं त्यावर सह्या केल्या असतील! 'आयदर' हें येथें सर्वनाम: दोघांपैकीं कोणीही एक. 'ऑर' हें उभयान्वयी. दोघांपैकीं कोणीही, अथवा मागें राहील तो, हें खातें चालवूं शकतो. त्याऐवजीं 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिलें नांव ज्याचें तोच हयातीत खातें चालविणार. आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंना वाटत होतें कीं, खात्यावर नांव आहे म्हणजे निम्मे पैसे आपले. खातें कोणीं चालवावें हा एक प्रश्न आणि पैसा कोणाचा हा दुसरा. पहिल्याचें उत्तर त्या तीन शब्दांत आहे, दुसऱ्याचें नाहीं. हें त्यांना पतीच्या मृत्यूनंतर, वारसांचें भांडण दाराशीं आल्यावर कळलें.

आणि सर्वांत भयंकर 'अँड' कोणता म्हणाल, तर जामीनपत्रांतला: 'जॉइंटली अँड सेव्हरली'. चार मित्र दहा लाखांच्या कर्जास जामीन राहतात. प्रत्येकाच्या मनांत असतें कीं, अडचण आलीच तर आपल्या वांट्याला अडीच लाख येतील. 'अँड' म्हणजे 'आणि', दोन्ही मिळून कांहीं तरी एक सौम्य बंधन असेल, अशी त्यांची कल्पना. वस्तुस्थिति अशी कीं, येथें 'अँड' धनकोच्या हातांत दोन शस्त्रें देतो: चौघांवर मिळून दावा करावा, वाटल्यास एकट्यावरच सगळ्या दहा लाखांचा करावा. तो अर्थातच ज्याच्याजवळ घर आहे त्याला गांठतो. त्या बिचाऱ्यानें मग इतर तिघांच्या मागें हिंडत राहावें. १८७२ च्या करारकायद्याच्या ४३ व्या कलमांतही, उलट ठराव नसेल तर, संयुक्त वचन देणाऱ्यांपैकीं कोणा एकाकडून सगळें वचन पुरें करून घेण्याची मुभा दिलेली आहे. आणि १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणें पेढीच्या ऋणाबद्दल प्रत्येक भागीदार संयुक्तपणें व पृथक्‌पणेंही जबाबदार असतो. तेव्हां हा धोका इंग्रजी भाषेनें निर्माण केला असें नव्हे. परंतु 'आम्ही सर्व मिळून आणि प्रत्येक जण एकटाही सर्व रकमेस जबाबदार आहों' असें मराठींत ठळक लिहिलें असतें, तर चौघांपैकीं दोघांनीं तरी सही करतांना हात आंखडला असता. आंखडूं नये म्हणूनच तें इंग्रजींत राहतें कीं काय, अशी शंका आम्हांस येते.

न्यायाधीशांनाही हे शब्द सोपे जात नाहींत. औषधांच्या १९४० च्या कायद्यांतील व्याख्येंत 'मेडिसिन्स' आणि 'सब्स्टन्सेस' ह्यांच्यामध्यें जो 'अँड' आहे, त्याचा अर्थ 'किंवा' असा घेतल्याशिवाय कायद्याचा हेतु साधत नाहीं, असें आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं ठरविलें. अमेरिकेंत मेन संस्थानांत दूध पोंचविणाऱ्या गाडीवानांना जादा वेळाची मजुरी द्यावयाची कीं नाहीं, हा तंटा कायद्यांतील एका 'ऑर'च्या आधीं स्वल्पविराम नव्हता म्हणून माजला. २०१७ सालीं अपील कोर्टानें गाडीवानांच्या बाजूनें कौल दिला आणि पुढल्या वर्षीं मालकांनीं पन्नास लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. २०२४ सालीं तर त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश एका 'अँड'च्या अर्थावर सहा विरुद्ध तीन असे फुटले. तीन गोष्टी अंगीं नसल्या तर कैद्याला सवलत, असें कायदा म्हणतो. मग तिन्ही एकदम नसाव्यात, कीं तिन्हींपैकीं एकही नसावी? बहुमतानें दुसरा, कैद्याला प्रतिकूल असा अर्थ पत्करला. ह्या गोंधळावर तोडगा म्हणून कांहीं मसुदेकारांनीं 'अँड' आणि 'ऑर' मध्यें तिरपी रेघ मारून दोन्ही एकदम लिहिण्याची युक्ति काढली. इंग्लंडचे लॉर्ड सायमन ह्यांनीं १९४४ सालच्या एका निकालांत त्या संकराची कुळहीन म्हणून संभावना केली. आमच्याकडे मात्र 'आणि/किंवा' अजून सरकारी पत्रकांत ऐटींत मिरवत आहे. तें लिहिणाऱ्यास काय म्हणावयाचें आहे हें त्यालाच ठाऊक नाहीं, असा त्याचा सरळ अर्थ समजावा.

एका सर्वनामानें स्त्रीजातीचें केवढें नुकसान केलें हेंही येथें सांगितलें पाहिजे. १८५० सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, कायद्यांत पुल्लिंगी शब्द आला तर त्यांत स्त्रियांचाही समावेश समजावा. आमच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टांत तेंच तत्त्व आहे. कागदावर हें उदार दिसतें. परंतु 'संदर्भ विरुद्ध नसेल तर' अशी एक खुंटी त्यांत ठोकून ठेविलेली आहे. रेजिना गुहा ह्या कायद्याच्या पदवीधर बाईंनीं वकिलीची सनद मागितली, तेव्हां १९१६ सालीं कलकत्ता हायकोर्टाच्या पांच न्यायमूर्तींनीं ती नाकारली. वकिलांविषयींच्या कायद्यांत विधिमंडळाच्या डोळ्यांपुढें पुरुषच होते असें त्यांचें म्हणणें पडलें. सुधांशुबाला हाजरा ह्यांना १९२१ सालीं पाटणा हायकोर्टांत हाच अनुभव आला. आमच्या नाशकांत जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ सालीं ऑक्सफर्डास कायद्याची परीक्षा उतरल्या, आणि १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें त्यांचें नांव पटावर घेईपर्यंत एकोणतीस वर्षें गेलीं. १९२३ च्या स्वतंत्र कायद्यानें हा अडसर सर्वत्र निघाला. स्त्रीला शिक्षा द्यावयाची असे तेव्हां १८६० च्या पीनल कोडाच्या आठव्या कलमाप्रमाणें 'ही' ह्या सर्वनामांत ती निमूटपणें सामावली जाई. सनद द्यावयाची वेळ आली तेव्हां मात्र तिला त्यांतून बाहेर काढलें गेलें! १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत 'ही' ह्या सर्वनामांत पुरुष, स्त्री व तृतीयपंथी ह्या तिघांचाही समावेश स्पष्ट शब्दांनीं केला आहे. हें योग्यच झालें. सर्वनाम कोणाकोणाला पोटांत घेतें हें सांगून टाकलें पाहिजे. तें न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडणें ठीक नव्हे.

आतां कोणी म्हणेल, पत्रकर्त्यानें स्वतः 'आम्ही आम्ही' म्हणत हें लिहावें आणि 'वुई'बद्दल अवाक्षर काढूं नये हें कसें? म्हणून तेंही सांगतों. मराठींत 'आम्ही' म्हणजे ऐकणारा सोडून आम्ही. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासह सर्व. इंग्रजींत दोहोंना 'वुई' आणि दोहोंच्या षष्ठीला 'अवर'. कर्ज देणारी संस्था लिहिते, 'वुई व्हॅल्यू अवर रिलेशनशिप', तेव्हां तो 'अवर' आपला सर्वांचा असतो, प्रेमळ असतो. त्याच पत्राच्या पाठीमागें 'अवर डिसिजन शॅल बी फायनल' असें येतें, तेव्हां तो त्यांचा एकट्यांचा होतो. एकाच कागदावर एकाच शब्दानें पक्ष बदलला. मराठींत पत्र लिहिणाऱ्यास हा खेळ करतां आला नसता. 'आपला संबंध' आणि 'आमचा निर्णय' असें लिहावें लागून त्याचें अंतरंग उघडें पडलें असतें.

मग आम्ही काय म्हणतों? इंग्रजी सोडा, असें म्हणणारे एक आहेत. मराठीनें व्यवहार चालत नाहीं, असें म्हणणारे दुसरे. दोघांचेंही आम्हांस पटत नाहीं. संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें उच्च न्यायालयाचें व सर्वोच्च न्यायालयाचें काम आज इंग्रजींत चालतें. परदेशाशीं व्यापार इंग्रजींत होतो. तिची उपेक्षा करणारा स्वतःचेंच नुकसान करील. परंतु १९६४ सालीं राजभाषेचा कायदा करून, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारकडून अभिजात भाषेचा दर्जा मिळवून, आमची मराठी अद्याप जामीनपत्रावर बसूं शकत नाहीं, ह्याला काय म्हणावें? दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण छापलें. तेव्हांपासून षष्ठी, सर्वनाम, उभयान्वयी हीं नांवें आमच्या घराघरांत आहेत. त्यांच्या साहाय्यानें इंग्रजी शिकविलें तर चौथीचा मुलगाही 'हिज' आणि 'आपला' ह्यांतला फरक सांगेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीं मराठी व्याकरण हद्दपार केलें, त्यामुळें मुलांची मराठी तर गेलीच, पण इंग्रजीला टेंकावयास जी भिंत होती तीही पडली.

करारकायद्याचें तेरावें कलम सांगतें कीं, दोन माणसें एकाच गोष्टीला एकाच अर्थानें कबूल होतील तरच संमति झाली. ज्याला 'सेव्हरली' कळत नाहीं, त्याची संमति कोणत्या अर्थानें? बँकेतर वित्तसंस्थांनीं कर्जदाराला समजेल त्या भाषेंत त्याच्याशीं व्यवहार करावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो पाळल्याचा पुरावा म्हणून पुष्कळ कागदांच्या शेवटीं एक ओळ छापलेली असते: मजकूर मला माझ्या भाषेंत समजावून सांगितला व तो मला समजला. ती ओळही बहुधा इंग्रजींतच असते! आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी कीं, ही ओळ प्रथम वाचावी आणि समजावून सांगितल्यावांचून तिच्याखालीं सही करूं नये. मराठी प्रत मागावी. नाहीं मिळाली तर नाहीं मिळाली असें त्याच कागदावर लिहावें. मसुद्यांत 'हिज' किंवा 'देअर' दिसलें तर तेथें माणसाचें नांव पुन्हा घालावयास सांगावें; कागद चार ओळींनीं वाढेल, पण दावा एका पिढीनें कमी होईल. आणि वकिलांच्या मंडळांनीं भागीदारी, जामीन, भाडेपट्टा व मृत्युपत्र ह्या चार दस्तऐवजांचे शुद्ध मराठी नमुने तयार करून छापावेत. हें काम सरकारची वाट पाहण्याइतकें अवघड नाहीं.

आमच्या बाजूनें आम्ही इतकें करतों. येत्या शनिवारपासून दर आठवड्यास ह्या पत्रांत एका इंग्रजी कलमाचा मराठी अर्थ, शब्दाशब्दाची फोड करून, देण्यांत येईल. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं नांव, पत्ता व रकमेचे आंकडे झांकून त्यांची नक्कल कचेरींत आणून द्यावी. पहिल्या शनिवारीं 'जॉइंटली अँड सेव्हरली' हेंच कलम घेऊं.